जर्मनची होडी

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. माजलगाव रस्त्यावरच्या भंगाराच्या आवारात ती होडी मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा भंगारवालाही तेच म्हणाला: जर्मनची हाय, पत्रा जाड हाय, उद्या कटर लावणार. कुठल्याशा खात्यानं धरणातल्या मासेमारीसाठी आणलेली, काही वर्षं वापरून उन्हात टाकून दिलेली आणि शेवटी लिलावात निघालेली. तिच्या पोटात गंजलेल्या पंख्यांचा आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. नाक चेपलं होतं. मागच्या लाकडी फळीला बोट लावलं की भुसा गळत होता.

मी माझ्या जादा चाकांच्या स्कूटीवरून उतरलेसुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "कटर लावू नका. मी नेते."

त्याला वाटलं, दुकानासाठी पत्रा पाहिजे असेल. मी सांगितलं, पत्रा नको, होडी पाहिजे. तो माझ्याकडे बघायला लागला, मग स्कूटीच्या मागे अडकवलेल्या कुबड्यांकडे, मग परत माझ्याकडे. मला या नजरेची सवय आहे. ती नजर आपलं काम उरकेपर्यंत मी थांबते आणि मग पुन्हा तेच वाक्य म्हणते. त्या दिवशीही तसंच केलं.

तेलगावात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, बघतो. मी गल्ल्यावर बसते. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय तेवढाच राहिला, बाकीची मी वाढले. लग्न केलं नाही. स्थळं आलीच नाहीत असं लोक धरून चालतात. दोन आली होती, दोघांनाही माझ्यापेक्षा दुकानात जास्त रस दिसला, म्हणून मीच नाही म्हणाले. गल्ल्यावर बसून बसून मला खिळे, बोल्ट, रिबिटं, पॉलिशपेपर, रंग यांची अशी ओळख झाली की गिऱ्हाइकानं हातानं नुसता आकार दाखवला तरी मी वस्तू सांगते. पण या सगळ्या वस्तू मी आयुष्यभर फक्त विकल्या होत्या. त्यातली एकही कशात ठोकली नव्हती.

होडी कशाला, हे मला घरी विचारलं गेलं तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं होतं. मी लहान असताना वडिलांनी मला आमच्या शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं, पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून. पाण्यात पायाला वजन नसतं. जमिनीवर माझ्यापुढे धावणारी चुलत भावंडं पाण्यात माझ्या मागे राहायची. मग मी मोठी झाले, आणि मोठ्या मुलीनं विहिरीत उतरू नये असं ठरलं. कुणी ठरवलं ते कळलं नाही. तेव्हापासून माजलगावच्या धरणाचं पाणी मी फक्त पुलावरून बघत आले होते, आणि दर वेळी मला वाटायचं की तिथे माझी जागा आहे, ती कुणीतरी अडवून ठेवलीय.

हे असं अण्णाला कसं सांगणार? मी एवढंच म्हणाले, "मला पाण्यात जायचंय."

"कावून?" तो म्हणाला. "घरात नळ न्हाई का?"

होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली आणि दुकानामागे लिंबाच्या झाडाखाली दोन जुन्या टायरांवर ठेवली. पहिले काही आठवडे मी फक्त खरवडत होते. तिच्यावर रंगाचे तीन थर होते, वरचा निळा, खालचा करडा आणि त्याच्याखाली पिवळट. रंग निघाला तिथे पांढरी भुकटी दिसायची. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, ते आतल्या आत पांढरं होऊन खाल्लं जातं. कुणीतरी पूर्वी दुरुस्ती करताना लोखंडी बोल्ट मारले होते आणि प्रत्येक बोल्टाभोवती पत्रा चाळणीसारखा झाला होता. दुपारी दुकान मंद असायचं, तेव्हा मी मागे जाऊन जमिनीवर बसायची आणि पॉलिशपेपर घासायची. बसून करायचं काम असल्यामुळे मी त्यात कुणापेक्षाही कमी नव्हते. येणारे-जाणारे थांबायचे, सल्ले द्यायचे. एक जण म्हणाला, ह्याचं कुंड करा, तुळस लावा. मी त्याला म्हणाले, बाजूला सरका, उजेड अडतोय.

गळती शोधायची रीत मला सोपी वाटली. होडी सुलटी ठेवायची, आत थोडं पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं की कुठून झिरपतंय. मी पाणी सोडलं आणि खडू घेऊन खालून बघायला गेले, तर खुणा करायला खडू पुरेना. जवळजवळ प्रत्येक रिबिट रडत होतं.

रिबिट बसवायला दोन माणसं लागतात. बाहेरून रिबिटाच्या डोक्याला कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, आतून दुसऱ्यानं हातोडीनं शेपूट चेपायचं. दुकानातल्या नोकराला विचारलं, तर अण्णानं त्याला आधीच ताकीद दिलेली. अशात दुकानात एक बाई आली. भोयाची बाई, माझ्याच वयाची, धरणाकाठच्या वस्तीवरची. ती दर महिन्याला नायलॉनचा दोरा आणि जाळ्याला लावायचं शिसं घ्यायला यायची, एवढीच आमची ओळख. मागून ठोकाठोकीचा आवाज ऐकून ती आत आली, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ताई, एकटीनं न्हाई व्हायचं हे. ठोकळा द्या इकडं."

त्या दिवसापासून ती येत राहिली. मी होडीच्या आत बसलेली, ती बाहेर. मधे पत्रा. एकमेकींना दिसायचो नाही. ती ठोकळा लावून पत्र्यावर एकदा टकटक करायची, मग मी हातोडी मारायची. दोन रिबिटांच्या मधे बोलणं व्हायचं आणि पत्रा मधे असल्यामुळे असेल, दोघीही मोकळं बोलायचो. तिचा नवरा धरणावर मासे धरायचा. तो गेल्यावर त्याची नाव दिरांनी घेतली. तिला सांगितलं, तू काठावर थांब, जाळी शिव, मासे बाजारात नेऊन विक, पाण्यात बाईचं काय काम. ती लग्नाआधी बापाबरोबर पाण्यात जायची, जाळं टाकायची, वारा बघून पाणी ओळखायची. एकदा तिनं बाहेरून विचारलं, मी ही नाव घेऊन काय करणार. मी म्हणाले, फिरणार. मग टकटक आली आणि मी हातोडी मारली.

जुनी रिबिटं काढून नवी बसवणं संपल्यावर मी होडी माझ्या मापाची करायला घेतली. हे काम मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण आयुष्यात कुठलीच वस्तू माझ्या मापाची मिळाली नव्हती. बसची पायरी, बँकेचा ओटा, देवळाचा उंबरा, सगळं दुसऱ्यांच्या पायांसाठी बांधलेलं. होडीच्या नाकाशी मी बिजागरीची फळी बसवली. ती काठावर टेकवायची, तिच्यावर बसायचं आणि सरकत आत जायचं. कडेला हाताशी येईल असा पाइप लावला. मधली आडवी बैठक खाली घेतली. तिच्या आतला थर्माकोल पाणी पिऊन दगड झाला होता, तो काढून नवा भरला. प्रत्येक बोल्टाखाली रबराचा वायसर घातला, म्हणजे पुन्हा पत्रा खाल्ला जायला नको. पाइप जोडायला माजलगावच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, जर्मनला जोड बसत नाही आणि बसला तरी बाईमाणसाच्या हट्टासाठी मी गॅस जाळणार नाही. मी पाइप परत आणला आणि पट्ट्या घालून रिबिटांनी बसवला. तो अजून हललेला नाही.

मागची फळी सागवानाची घातली. रंग कुठला द्यायचा यावर वहिनीनंसुद्धा मत दिलं, म्हणाली, चंदेरी द्या, शोभेल. मी लाल दिला. दुरून दिसला पाहिजे असा लाल.

पाण्यात उतरवायचा दिवस मी कुणाला सांगितला नव्हता, पण ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं असणार. काठावर जत्रेसारखी माणसं. सगळ्यांच्या हातात फोन. भोयाच्या बाईनं मागून ढकललं, मी फळीवरून सरकत आत गेले, बैठकीवर बसले आणि होडी तरंगली. आत एक थेंब आला नाही. मी वल्ही घेतली आणि ओढली, आणि होडी फिरली. पुन्हा ओढली, आणखी फिरली. वल्हवणारा पायानं रेटा देतो आणि हातानं ओढतो, हे मी वाचलं होतं. माझा एकच पाय रेटा देत होता. त्यामुळे अंग एका बाजूला वळायचं, एक वल्हं जास्त ओढलं जायचं आणि होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायची. मी तिला सरळ करायला जावं आणि ती आणखी जोरात फिरावी. शेवटी पाण्यात बुडालेल्या एका बाभळीत जाऊन अडकले. काठावरून हसण्याची लाट आली. कुणीतरी ओरडून सांगत होतं की चक्री झुल्याला तिकीट लावा.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अण्णापर्यंत पोचला. तो पाटोद्याला एका लग्नाला गेला होता. तिथे मांडवात कुणीतरी त्याच्यापुढे फोन धरला होता. घरी आला तो चप्पल न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. वहिनी त्याच्या मागे. तो चिडून बोलत नव्हता, ते मला जास्त लागलं. तो थकल्यासारखा म्हणाला की आजवर या घरानं तुला काही कमी केलं नाही, कधी कुणापुढे तुझ्या पायाचं हसू होऊ दिलं नाही, आणि तू स्वतः जाऊन ते मांडून आलीस. उद्या गाडी बोलावतो, ती होडी भंगारात जाईल.

मी पलंगावर बसले होते. पायाला आधार देणारं कॅलिपर काढून बाजूला ठेवलेलं होतं. उठून उभी राहायला वेळ लागला असता, म्हणून बसूनच बोलले.

"अण्णा, होडी माझी हाय. अन् पाय बी माझाच हाय. त्याचं हसू झालं तर ते माझं झालं. तुमी कावून उचलता ते?"

वहिनी खाली बघत होती, पण तिनं मागे हात नेऊन दाराची कडी गच्च धरलेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही असं मी लिहिणार नाही. लागली. हात भरून आले होते. सकाळी कुबड्या घेऊन मोरीकडे जाताना मात्र माझ्या लक्षात आलं की मी चालते म्हणजे काय करते. ढकलते. चाळीस वर्षं माझे खांदे ढकलत आलेत. ओढण्याचं काम त्यांना कधी कुणी शिकवलंच नाही. मग मी बैठक उलटी केली. सगळे वल्हवणारे जायच्या दिशेला पाठ करून बसतात, मी समोर तोंड करून बसले. पाठीला टेकू म्हणून भंगारातून एका जुन्या जीपच्या सीटची पाठ आणून बसवली, आणि वल्ह्यांच्या कड्या पुढे घेतल्या. आता मी पाठ टेकवून वल्ही छातीपासून पुढे ढकलते. पायाचं कामच नाही. होडी सरळ जाते. वेग कमी, पण मी कुठे चालले ते मला दिसतं.

दुसऱ्यांदा उतरवली तेव्हा काठावर कुणीच नव्हतं. भोयाची बाई पुढे नाकाशी बसली. पाणी खोल झालं तशी ती मागे वळून म्हणाली, "ताई, पुढच्या टायमाला मी जाळं आणते."

इथून खरं भांडण सुरू झालं. नुसती फिरले असते तर गावानं मला वेडी म्हणून सोडून दिलं असतं. पण आमचं घर लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या घरातली बाई मासेमारीची नाव वल्हवणार, हे कुणाला पचेना. घरी येणारे जंगम स्वामी मला समजवायला बसले. ते भले माणूस आहेत, लहानपणापासून मला ओळखतात. त्यांनी शांतपणे विचारलं की तू खात नाहीस, पण मारायला मदत करतेस, याचं तुझ्या मनात काय उत्तर आहे. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की उत्तर नाही. जाळ्यातून बाहेर आलेला रोहू तळाशी तडफडतो तेव्हा मी दुसरीकडे बघते, हे खरं आहे. पण मला उत्तर सापडेपर्यंत ती बाई काठावर बसून राहील, हेही मला मान्य नाही. स्वामी चहा घेऊन उठले. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी हा विषय काढला नाही.

मच्छीमारांच्या संस्थेचं वेगळंच. तिथले अध्यक्ष आम्हाला म्हणाले की पाण्याचा ठेका संस्थेचा आहे, सभासदाशिवाय जाळं टाकता येत नाही. बाई म्हणाली, नवरा सभासद होता, त्याच्या जागी माझं नाव लावा. ते म्हणाले, बघू, बैठकीत ठेवू, तोवर थांबा. तिनं मला बाहेर आल्यावर सांगितलं की हे 'तोवर थांबा' ती नवरा गेल्यापासून ऐकतेय. मी विचारलं, मग? ती म्हणाली, "मग काय. उद्या सकाळी या."

आम्ही दिवसाढवळ्या गेलो, सगळ्यांच्या नावा काठाला असताना. तिचे दीर तिथेच होते. थोरला दीर पाण्यात गुडघ्यापर्यंत आला आणि त्यानं होडीची कड धरली. म्हणाला, "उतर खाली. लाज न्हाई का?" ती उतरली नाही. तिनं मांडीवरचं जाळं सारखं केलं आणि त्याला म्हणाली, "दाजी, हात काढा. पुढं खोल हाय." मी वल्ही ढकलली. तो दोन पावलं कड धरून आला आणि मग त्यानं ती सोडली. मागे वळून बघायची मला गरज नव्हती, कारण मी समोर तोंड करून बसते. तिनं बघितलं. काय दिसलं ते मी विचारलं नाही.

संस्थेनं तिचं नाव लावलं, पण ते नंतर. तोवर आमचं जाळं कितीतरी वेळा पडून निघालं होतं. तिचे दीर अजून तिच्याशी बोलत नाहीत.

घरात माझ्या हातांच्या वासावरून कुरकुर झाली. मागच्या दारानं ये, आधी अंघोळ कर, मग स्वयंपाकघराकडे बघ, असं अण्णानं वहिनीकरवी कळवलं. अंघोळ मी तशीही करते. मागच्या दारानं मात्र येत नाही. त्यावरून वाढत गेलं, तेव्हा मी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. तिथे माझी शेगडी आहे, माझा देव्हारा आहे, आणि दाराला उंबरा नाही, तो मी काढून टाकला. वहिनी अधूनमधून भाकरी घेऊन येते आणि बसते. एकदा तिनं हळूच विचारलं, पाण्यात मधोमध गेल्यावर कसं वाटतं. मी म्हणाले, चला एकदा. ती हसली, नको म्हणाली. मी पुन्हा विचारणार आहे.

मागच्या वर्षी एका सामाजिक संस्थेची माणसं आली. त्यांना मला शाल-श्रीफळ द्यायचं होतं. बरोबर फोटोवाला होता. मी होडीत बसावं आणि कुबड्या मांडीवर घ्याव्यात, म्हणजे फोटोत नीट कळेल, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, कुबड्या काठावर राहतात, होडीत त्यांचं काम नसतं. ते म्हणाले, ताई, लोकांना प्रेरणा मिळेल. आणखी एकानं विचारलं, पुरात या होडीनं कुणाचा जीव वाचवला का. नाही वाचवला. सिंदफणा नदीला पूर आला तेव्हा ती लिंबाखाली दोरानं बांधलेली होती आणि मी खोलीत भिजलेला माल वर उचलत होते. ही होडी कुणाच्या उपयोगाची म्हणून मी केली नाही. मला पाहिजे होती म्हणून केली. ते ऐकून त्यांचा उत्साह गेला. शाल तेवढी ठेवून गेले. ती शाल थंडीत सकाळी भोयाची बाई पांघरते.

परवा दुपारी आम्ही धरणात होतो. काठावर अण्णाची मोटरसायकल येऊन थांबली. तो या काठावर पहिल्यांदाच आला होता. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं हाक मारली की दुकानात पाइपांचा ट्रक आलाय, माल उतरवून घ्यायचाय, मोजणी तुझ्याशिवाय होत नाही, लवकर ये. आमचं जाळं अर्धं वर आलं होतं. त्यात मोठा कटला अडकला होता आणि बाई दोन्ही पाय फाकवून, सगळं अंग मागे टाकून ओढत होती. मी वल्ह्यांनी होडी जागेवर धरून ठेवली होती. एक वल्हं सोडलं असतं तर जाळं बाभळीत गेलं असतं.

"येते," मी ओरडून म्हणाले. "जाळं निघाल्यावर."

त्यानं घड्याळाकडे बघितलं. इकडे-तिकडे बघितलं. मग मोटरसायकल स्टँडला लावली आणि एका दगडावर जाऊन बसला. माझ्यासाठी कुणी असं थांबलेलं मला आठवत नाही, नेहमी मीच मागे राहून म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे. बाई म्हणाली, आवरायचं का लवकर. मी म्हणाले, नको, सावकाश ओढ.